अडुसष्ट नंबरचा चिमटा

तौनो : अजून सोड पाणी.

हेल्वी : बाबा, अर्धा टब भरला. एवढ्यात माझी अंघोळ झाली असती.

तौनो : तुला नाही घालायची अंघोळ. ह्या टगबोटीला घालायचीय. सोड.

हेल्वी : ही बघ, तरंगली. झालं?

तौनो : तरंगली म्हणजे झालं नाही. बूचसुद्धा तरंगतं. वाक खाली. तिच्या पोटावर लाल रेषा काढलीय मी, दिसते? पाणी तिथपर्यंत यायला हवं. आत्ता किती खाली आहे?

हेल्वी : दोन बोटं.

तौनो : मग तिच्या पोटात काही नाही अजून. अशीच तळ्यात सोडलीस तर पहिल्या वाऱ्याला आडवी होईल. ते डबडं दे इकडे.

हेल्वी : काय आहे ह्यात? बापरे, केवढं जड.

तौनो : शिसं. टायरवाला चाकांना लावतो ना, ते तुकडे. जुने झाले की तो फेकतो, मी उचलतो. एकेक ठेव. आधी मधोमध, बॅटरीच्या दोन्ही अंगांना. जितकं खाली जाईल तितकं खाली.

हेल्वी : थांब, फोन वाजतोय.

तौनो : हात ओले आहेत तुझे.

हेल्वी : लायब्ररीतून आहे, कामाचा.

तौनो : शनिवारी? कुणाचं पुस्तक जळतंय का टोरांटोत?

हेल्वी : नाही घेत. हे घे, ठेवला बंद. आता सांग पटपट, विमान आहे मला संध्याकाळी.

तौनो : थँक्सगिव्हिंगची सुट्टी सोमवारपर्यंत असते.

हेल्वी : सोमवारी विमानात जागा नसते.

तौनो : असं होय.

हेल्वी : असंच. हा तुकडा कुठे? इथे?

तौनो : मागे नको, मागे मोटर आहे. मागून बसली तर नाक वर करून चालेल, तुझ्या मावशीसारखी. पुढे. अजून पुढे. आता बघ.

हेल्वी : डावीकडे कलली.

तौनो : मग उजवीकडे एक ठेव. तिच्याकडे बघ, माझ्याकडे नको बघू. ती सांगते.

हेल्वी : बाबा, मी इंटरनेटवर वाचलं. नव्या लोकांसाठी तयार बोटी मिळतात. डब्यातून काढायची, चार्ज करायची, पाण्यात सोडायची. वाऱ्यासारख्या पळतात.

तौनो : पळतात. मग दगडावर चढतात. मग मालक पँट वर करून आत शिरतो. दर उन्हाळ्यात बघतो मी. सुरुवात टगनेच करायची. हळू चालते, सहसा उलटत नाही, आणि धडकली तरी चिंता नाही, मोठ्या जहाजांना धडका मारून ढकलणं हेच तिचं काम. कडेने टायर कशाला लावलेत मी?

हेल्वी : मला वाटलं शोभेला.

तौनो : चाळीस वर्षं टगवर होतो, शोभेला टायर बघितले नाहीत मी.

हेल्वी : खऱ्या टगवर तू कधी सुकाणू धरलंस का रे?

तौनो : मी? मी खाली, इंजिनपाशी. वरून घंटी यायची, पुढे म्हणाले की पुढे, मागे म्हणाले की मागे. कितीतरी धान्याची जहाजं आम्ही गोदीला नेऊन टेकवली, पण जहाज कधी दिसलं नाही मला. नुसता धक्का कळायचा. म्हणून तर हे सुरू केलं. तुझी आई म्हणायची, म्हातारपणी तौनोला बढती मिळाली, वर आला.

हेल्वी : हे मला माहीत नव्हतं.

तौनो : तू थांबतेस कुठे माहीत व्हायला. आता नीट झाली बघ. रेषेला पाणी लागलं?

हेल्वी : लागलं. दोन्हीकडे.

तौनो : आता हळूच दाब तिला एका बाजूने. सोड.

हेल्वी : उभी राहिली. आपणहून.

तौनो : हं. आता हे तुकडे तिथल्या तिथे चिकटवायचे. सुटे राहिले तर एका वळणावर सगळे एका कुशीला जातील. उद्या सकाळी चिकटवू, दुपारी तळ्यावर नेऊ.

हेल्वी : बाबा, मी उद्या नाहीये.

तौनो : मग मी नाही चिकटवणार. बोट तुझी आहे. माझं मी पुष्कळ केलंय.

हेल्वी : बघू. पुढच्या खेपेला.

तौनो : पुढच्या खेपेला तळं नसेल. ऑक्टोबर संपताना गावचे लोक बांधाचं दार उघडतात, मे महिन्यापर्यंत चिखल.

हेल्वी : मग मे महिन्यात. तुझ्या टोपीला काय लागलंय ते?

तौनो : कुठे? हात्तिच्या. हा चिमटा घरी आला की.

हेल्वी : कपड्यांचा चिमटा?

तौनो : अडुसष्टचा. तळ्यावर फळी आहे एक. प्रत्येक चॅनलचा तिथे एक चिमटा. तुझा रिमोट ज्या चॅनलवर, त्याचा चिमटा आधी घ्यायचा, आपल्या अंगावर लावायचा, मोठ्याने ओरडून सांगायचं. त्याशिवाय रिमोटच्या बटणाला हात लावायचा नाही. एका चॅनलवर दोघांनी रिमोट लावले की बोटीला कळत नाही कुणाचं ऐकायचं. आज पाऊस आला, सगळे पळाले, मी पण. ओरेस्ट आता घरी बसून माझा उद्धार करत असेल.

हेल्वी : ओरेस्टकाका? ते का?

तौनो : त्याचाही अडुसष्टच. चिमटा माझ्या टोपीवर म्हणजे त्याची बोट काठावर. उद्या मी जाईपर्यंत त्याला नुसतं बसावं लागेल. बसू दे. बसलेला ओरेस्ट फार गोड दिसतो.

हेल्वी : नव्या रिमोटना चिमटा लागत नाही, बाबा. मी वाचलंय. ते आपली आपली जागा शोधतात.

तौनो : माहीत आहे. मग तळ्यावर भांडायचं कुणाशी?

हेल्वी : मी टॅक्सी बोलावते.

तौनो : कॉफी टाकलीय. वेलदोड्याचा पाव आहे, कालचाच.

हेल्वी : बाबा, खरंच घाईत आहे मी.

तौनो : तू सात महिन्यांची आलीस तेव्हाही घाईतच होतीस. इनक्युबेटरमध्ये ठेवलं तुला, तरी पाय झाडायचीस. तुझी आई गेल्यापासून ह्या घरात 'मला घाई नाही' असं कुणी म्हटलेलं ऐकलं नाही मी.

हेल्वी : तू म्हण की.

तौनो : मला आहेच कुठे घाई. पण एकट्याने काय म्हणायचं.

हेल्वी : पाणी सोडून देऊ टबातलं?

तौनो : नको. रात्रभर राहू दे तिला पाण्यात. गळत असेल तर सकाळी कळेल. आणि एक शेवटचं ऐक, मग जा. बोट तुझ्याकडे तोंड करून येत असली की डावं-उजवं उलटं होतं. तू डावीकडे वळवतेस, ती तुला उजवीकडे गेलेली दिसते. सगळे नवे लोक तिथेच घाबरतात.

हेल्वी : मग काय करायचं?

तौनो : काठावर उभं राहून बघायचं नाही. मनाने आत जाऊन बसायचं, सुकाणूच्या खोलीत. आत बसलं की डावं ते डावंच.

हेल्वी : बरं. पोचले की फोन करते.

तौनो : उद्या कर. आज मी लवकर झोपणार.

(तीन आठवड्यांनंतर, रविवारी दुपारी, त्याच घरात.)

ओरेस्ट : दार उघडं ठेवून बसलीस? बाहेर काय थंडी आहे. बूट कुठे काढू?

हेल्वी : काढू नका, ओरेस्टकाका. सगळीकडे खोकी आहेत, पायात काहीतरी जाईल.

ओरेस्ट : हे घे. पेरोही आहेत, बटाटा आणि चीज भरून उकडलेल्या. आमच्या ओल्गाने दिल्यात. म्हणाली, पोरगी जेवत नसेल. जेवतेस?

हेल्वी : उभ्या उभ्या काहीतरी खाते.

ओरेस्ट : बस ना मग आता.

हेल्वी : बसते. तुम्ही बसा. ती खुर्ची नको, तिच्यावर कपबश्या आहेत. थांबा, हे उचलते. उद्या सकाळचं विमान आहे माझं. किल्ली मावशीकडे देऊन जाईन, घराचं काय करायचं ते वसंतात बघू.

ओरेस्ट : बघू.

हेल्वी : काय झालं?

ओरेस्ट : काही नाही. तौनो नक्कल करायचा तुझी. 'बघू.' अगदी अशीच मान वळवून.

हेल्वी : करायचा का?

ओरेस्ट : वाईट नको वाटून घेऊस. माझीही करायचा. तुझी बरी जमायची.

हेल्वी : काका, मी फोन केला तो एका कामासाठी. ती टग तुम्ही घेऊन जा. क्लबात कुणाला शिकायची असेल तर द्या.

ओरेस्ट : कुठे आहे?

हेल्वी : टबात.

ओरेस्ट : अजून टबातच?

हेल्वी : मी आले तेव्हा तरंगत होती. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री घरात शिरले, दिवा लावला, तर ती मधोमध शांत उभी. थेंब गळला नव्हता. मग मला बूच काढवेना. एकदा पाणी बदललं, बस.

ओरेस्ट : आणि अंघोळ?

हेल्वी : सौनात उरकते, वाफेच्या खोलीत.

ओरेस्ट : तीन आठवडे सौना. तौनोला सांगितलं असतं तर खूश झाला असता. म्हणाला असता, शेवटी पोरगी फिनलंडची निघाली.

हेल्वी : नेता ना?

ओरेस्ट : नाही.

हेल्वी : का?

ओरेस्ट : वजनं चिकटवलीत?

हेल्वी : नाही. सुटीच आहेत.

ओरेस्ट : अर्धवट बोट आम्ही घेत नाही. क्लबाचा नियम आहे.

हेल्वी : असा नियम आहे?

ओरेस्ट : आजपासून आहे. मी सेक्रेटरी आहे.

हेल्वी : काका, मला खरंच वेळ नाही हो. अजून माळा आवरायचाय, गॅरेज आवरायचंय. रात्री झोप लागत नाही, दिवसा एका खोलीत पाच मिनिटं टिकत नाही. इकडची वस्तू तिकडे ठेवते, परत इकडे आणते. हे घर रिकामं झालं की बरं वाटेल असं वाटतं.

ओरेस्ट : नाही वाटणार. पण आवर. हाताला काम असलेलं बरं.

हेल्वी : तुमचं काय? तळ्यावर जाता?

ओरेस्ट : रोज जातो. बसून येतो.

हेल्वी : बसून?

ओरेस्ट : बोट गाडीच्या डिकीत आहे. पण चिमटा नाही ना.

हेल्वी : तुम्ही मला सांगायचं तरी. माझ्याकडे आहे तो. त्याच्या टोपीसकट दिला मला हॉस्पिटलातून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तेव्हापासून कोटाच्या खिशात घेऊन फिरतेय. काय करायचं त्याचं ते कळेना.

ओरेस्ट : माहीत होतं मला. टोपीवर बघितला होता मी.

हेल्वी : हो. तुम्हीच तर...

ओरेस्ट : सांगितलं नाही मी तुला सगळं. फोनवर काय सांगणार. त्या रविवारी मी तळ्यावर गेलो, फळी बघितली, अडुसष्ट गायब. म्हटलं, गेला असेल हा म्हातारा घरी घेऊन, आता येईल. ऊन छान पडलेलं, वारा नाही, बोट चालवायला ह्यापेक्षा चांगला दिवस नाही, आणि मी बाकावर. थर्मास संपला. मग गाडी काढली आणि इथे आलो. दार नेहमीप्रमाणे उघडं. मी उंबऱ्यातूनच सुरू केलं. चोरा, म्हटलं, सगळ्या गावाच्या नावाने ओरडतोस नियम नियम आणि स्वतः चिमटा घेऊन पळतोस. अजून बरंच. युक्रेनीत. मग बघितलं. स्टुलावर बसला होता, भिंतीला टेकून. एका पायात बूट. टोपी डोक्यावर.

हेल्वी : बूट घालत होता.

ओरेस्ट : निघालाच होता. माझ्यासाठी.

हेल्वी : पाणी देऊ तुम्हाला?

ओरेस्ट : नको. शेवटचं काय बोललो मी त्याला, ते नेमकं त्यानेच ऐकलं नाही. एवढं एक बरं झालं असं ओल्गा म्हणते. मला ठरवता येत नाही.

हेल्वी : त्याने ऐकलं असतं तर हसला असता. आदल्या दिवशी म्हणत होता, बसलेला ओरेस्ट फार गोड दिसतो.

ओरेस्ट : असं म्हणाला?

हेल्वी : शब्दाला शब्द.

ओरेस्ट : गाढव.

हेल्वी : काका, एक विचारू? हे मला कळलेलं नाही. तुम्ही दोघं वर्षानुवर्षं एका चॅनलवर. एकाची बोट पाण्यात की दुसऱ्याची काठावर. चॅनल बदलता येत नाही का?

ओरेस्ट : येतो की. रिमोटमध्ये एक नखाएवढा स्फटिक असतो, बोटीत दुसरा. काढायचा, दुसऱ्या नंबरचा घालायचा. कॉफी गार व्हायच्या आत होतं.

हेल्वी : मग बदलला का नाहीत?

ओरेस्ट : पहिल्या वर्षी मी म्हटलं, तू बदल. तो म्हणाला, तू बदल. दुसऱ्या वर्षीही तेच. मग लक्षात आलं, बदलला तर दोघंही एकाच वेळी चालवणार. दोघांची मान आपापल्या बोटीकडे. मग बोलणार कोण? असं एकाने चालवायची, दुसऱ्याने बाकावर बसायचं आणि नावं ठेवायची. केवढ्याने वळवलीस, दारू प्यायलास का, बदकांना सुद्धा लाज वाटतेय. मला तर वाटतं, बसण्याची पाळी आली की तो जास्त खूश असायचा.

हेल्वी : आणि आता? नवा चिमटा करता आला असता. कपड्यांचा चिमटा आणि एक पेन लागतं.

ओरेस्ट : चिमट्यांचं पाकीट आणलंय विकत. गाडीत पडलंय. लिहिलं नाही गेलं.

हेल्वी : हा घ्या मग.

ओरेस्ट : असा नाही घेता येत. तो पाण्याकाठी परत येतो. ज्याने घेतला त्याने बोट बाहेर काढायची, बंद करायची, मग मोकळा म्हणून सांगायचं, मग पुढचा घेतो. तौनोने हे मला शंभरदा ऐकवलंय.

हेल्वी : तो नाहीये सांगायला.

ओरेस्ट : म्हणून तुला सांगतोय. गुरुवारी बांधाचं दार उघडणार. आज रविवार. वारा पडलाय. तुझ्याकडे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आहे?

हेल्वी : काका, मला माळा आवरायचाय.

ओरेस्ट : माळा कुठे चाललाय?

हेल्वी : मला काहीच येत नाही त्यातलं. टबात दोन तुकडे ठेवले, तेही फोन बघत.

ओरेस्ट : सगळे असेच सुरू करतात. तुझ्या बापाने पहिल्या दिवशी बोट पाण्यात सोडली तेव्हा बुडाचं बूच लावलं नव्हतं. काठावरून बघत उभा होता, ही का बसतेय खाली, ही का बसतेय खाली.

हेल्वी : खोटं.

ओरेस्ट : मी आत शिरून काढली ती. कमरेपर्यंत. चाळीस वर्षं इंजिनखोलीत काढलेला माणूस. हे त्याने तुला सांगितलं नसणारच.

हेल्वी : नाही सांगितलं. थांबा, टेप आहे. त्या खोक्यात. नाही, ह्या. ही घ्या.

ओरेस्ट : माझ्याकडे कशाला देतेस? बोट तुझी.

(त्याच दुपारी, तळ्याकाठी.)

हेल्वी : आता हे बटण?

ओरेस्ट : थांब, थांब. हात काढ. आधी काय?

हेल्वी : चिमटा. लावलाय, हा कॉलरला.

ओरेस्ट : सांगितलंस?

हेल्वी : तुम्हाला दिसतोय ना.

ओरेस्ट : मोठ्याने.

हेल्वी : काका, इथे चिटपाखरू नाही. कुणासाठी ओरडू?

ओरेस्ट : झुडपामागे कुणी रिमोट घेऊन बसला असेल तर? तौनो हिमवादळात एकटा असला तरी ओरडायचा. म्हण.

हेल्वी : अडुसष्ट घेतला.

ओरेस्ट : हे तू लायब्ररीत म्हणालीस. तळ्यावर म्हण.

हेल्वी : अडुसष्ट घेतला!

ओरेस्ट : हं. बदकंसुद्धा वळली. आता अँटेना पूर्ण ओढ. रिमोट चालू कर. आधी रिमोट, मग बोट. बोटीला जाग आली की पहिल्यांदा तुझा आवाज कानी पडायला हवा, नाहीतर ती कुणाचंही ऐकते.

हेल्वी : रिमोट चालू. बोट चालू. पंखा हलला.

ओरेस्ट : सुकाणू बघ. डावीकडे. उजवीकडे. बरोबर. आता ठेव पाण्यात. दोन्ही हातांनी, बाळाला टबात ठेवतात तशी.

हेल्वी : रेषेला लागलंय पाणी.

ओरेस्ट : लागणारच. आता थोडं पुढे. थोडं म्हणजे थोडं, अंगठ्याने ढकलू नकोस, नुसता टेकव.

हेल्वी : चालली. काका, चालली ती.

ओरेस्ट : दिसतंय मला. म्हातारा झालोय, आंधळा नाही. जाऊ दे सरळ. त्या खांबापर्यंत.

हेल्वी : किती शांत चालते. मला वाटलं होतं खेळण्यासारखी उड्या मारेल.

ओरेस्ट : ते शिसं. वजन असलं पोटात की उड्या मारत नाही कुणी. आता वळव. सावकाश, मोठा वळसा. अगदी छान. आता तुझ्याकडे आण.

हेल्वी : ही कुठे चालली? मी डावीकडे केलं, ही उजवीकडे जातेय.

ओरेस्ट : तोंड फिरलंय तिचं.

हेल्वी : अजून डावीकडे करते. नाही, अजूनच गेली. काका, ती लव्हाळ्यात घुसणार. घ्या तुम्ही, घ्या हा रिमोट.

ओरेस्ट : मी घेणार नाही. चिमटा तुझ्याकडे आहे.

हेल्वी : काका, प्लीज.

ओरेस्ट : अंगठा सोड. नुसता सोड. थांबली ना? आता सांग, तौनोने काय शिकवलं होतं?

हेल्वी : मनाने आत बसायचं. सुकाणूच्या खोलीत.

ओरेस्ट : मग बस की. कोणी अडवलंय?

हेल्वी : थांबा जरा.

ओरेस्ट : थांबलोय.

हेल्वी : लव्हाळं माझ्या डाव्या हाताला. तुम्ही समोर काठावर, निळी टोपी. म्हणजे उजवीकडे वळायचं. हळू पुढे. असं. आली.

ओरेस्ट : आली. सरळ ये. अजून सरळ. वेग कमी कर, गोदी आलीय. आणि टेक.

हेल्वी : टेकली. धक्का बसला?

ओरेस्ट : टायर आहेत. ठीक सुरुवात. वळण वाईट होतं, लव्हाळ्याला घाबरलीस, आणि जीभ बाहेर काढून चालवत होतीस. तोही काढायचा.

हेल्वी : अजून एक फेरी मारू?

ओरेस्ट : मार की. विचारतेस काय.

हेल्वी : तुम्ही बसा बाकावर.

ओरेस्ट : बसलोय कधीचा. चल, खांबाला वळसा घाल आणि ये. केवढ्याने वळवतेस ते! प्यायलीस का?

हेल्वी : पेरोही खाल्ल्या तुमच्या घरच्या. त्याचीच चढली.

ओरेस्ट : सांगतो ओल्गाला.

हेल्वी : आता मला कळलं, काका.

ओरेस्ट : काय?

हेल्वी : मला वाटायचं, त्याला मला बोट शिकवायची आहे. दर सुट्टीत तेच, तळ्यावर ये, तळ्यावर ये. मला बोटीत काही रस नव्हता, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून मी बघू म्हणायची. त्याला फक्त बाकावर कुणीतरी हवं होतं.

ओरेस्ट : बाकावर मी होतो.

हेल्वी : तुम्ही होता हो.

ओरेस्ट : पण तू नव्हतीस. ते खरं आहे. बॅटरी मंदावतेय, बघ, पंख्याचा आवाज उतरला. घे बाहेर.

हेल्वी : आली. उचलते. आता काय आधी बंद?

ओरेस्ट : सांग तूच.

हेल्वी : चालू करताना रिमोट आधी. म्हणजे बंद करताना बोट आधी.

ओरेस्ट : आणि रिमोट शेवटी. बोट पूर्ण बंद होईपर्यंत रिमोट सोडायचा नाही.

हेल्वी : बोट बंद.

ओरेस्ट : रिमोट?

हेल्वी : करते. एक क्षण राहू दे.

ओरेस्ट : राहू दे. पण ऐकणारं कुणी नाही आता तिकडे.

हेल्वी : माहीत आहे मला.

ओरेस्ट : बरं.

हेल्वी : केला बंद. हा चिमटा फळीवर लावला. अडुसष्ट मोकळा!

ओरेस्ट : अडुसष्ट घेतला. आवाज बसला बघ माझा, तीन आठवडे ओरडलो नाही ना. थांब, डिकीतून माझी आणतो. नाही, आधी तू निघ. बोटं निळी पडलीत तुझी. माळा आवरायचाय, सकाळचं विमान आहे. माझं धान्याचं जहाज म्हणजे गोगलगाय आहे, ते पलीकडे जाऊन येईस्तोवर सूर्य मावळेल. किल्ली दे मावशीला आणि मेमध्ये ये. आणि फोन कर पोचलीस की.

हेल्वी : तुमचा थर्मास कुठाय?

ओरेस्ट : बाकाखाली. का?

हेल्वी : तुमचा कप भरून ठेवते. आणा जहाज. नावं ठेवायला कुणीतरी पाहिजे.

ओरेस्ट : अगं, पण तुझं...

हेल्वी : मला घाई नाही.

ओरेस्ट : काय म्हणालीस? इथून ऐकू नाही आलं.

हेल्वी : तुम्हाला नव्हतं, काका. तुम्ही चालवा.

ओरेस्ट : बरं. मी तिकडे बघतो.

हेल्वी : मला घाई नाही, बाबा.